अक्काची पाठ

मी डॉक्टर झालो तो अक्कामुळे. या थोरल्या बहिणीने शाळा सोडून शिवणयंत्र धरलं आणि मला शिकवलं.

आज एका अनोळखी बाईंच्या पाठीची एमआरआय फिल्म उजेडापुढे धरली. मणक्यातून निघणारी एक नस मुळाशीच दबली होती. तिच्या जिवावर चालणारा, मणक्याला बिलगलेला खोलवरचा स्नायू त्या बाजूला वाळून गेला होता. त्याच्या जागी चरबीचे पांढरे पट्टे दिसत होते. वरून मात्र पाठ अगदी धडधाकट. कणा सावरून धरणारं आतल्या आत झिजतं, आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही.

गेल्या भाऊबिजेला मला ओवाळून उठताना अक्काने माझ्या खांद्यावर भार दिला होता.

"म्हातारी झालीस की गं!" मी म्हणालो.

"डॉक्टर ना तू? मग बघ की जरा पाठ."

सगळे हसले. मीही हसलो आणि ताटातली करंजी उचलली.

फोनवर बोलायला तोंड होईना, म्हणून पत्र टाकलं: "अक्का, रविवारी येतो. पाट मांड, पण त्यावर तू बस. मी मागे बसून तुझी पाठ बघणार आहे."