आतल्या खिशातला उन्हाळा

रत्नमाला गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी मेथी निवडत बसले होते. लातूरहून तिची भाची मैत्री बोलत होती. "मावशी, आत्या गेली... झोपेतच." मी फोन ठेवला आणि निवडलेली नि न निवडलेली मेथी एकाच परातीत ओतून मोकळी झाले. रत्ना समोर असती तर मला वेडी म्हणाली असती, आणि तेही तीन परक्या भाषांत. त्याची तिला भारी हौस होती, आणि ती हौस कुठून लागली हे सांगायला आता मीच उरले आहे.

आम्ही दोघी निलंग्याच्या. तिचे बाबा एसटीत ड्रायव्हर. मी त्यांना काका म्हणायची. माझ्या अब्बांचं स्टँडजवळ शिलाईचं दुकान होतं आणि डेपोतल्या लोकांचे खाकी कपडे आमच्याकडेच शिवले जात. काजं-बटणं माझ्याकडे असत. आम्ही दोघी बी.ए. झालो त्या सुमारास लातूर नवा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांमध्ये टेबलं आली होती, पण त्यांच्यामागे बसायला माणसं हवी होती. रत्नानं क्लार्कची परीक्षा दिली, यादीत नाव लागलं, आता फक्त ऑर्डर यायची होती. धाकटे दोन भाऊ शिकत होते, घराला त्या पगाराची गरज होती. यात तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं. पण लहानपणापासून तिची प्रत्येक सुट्टी आईबरोबर दुष्काळी कामांवर खडी फोडण्यात गेली होती. यंदा काका म्हणाले, "ऑर्डर येईस्तोवर तू मोकळी. काय करायचं ते कर." तिच्या आयुष्यातला तो पहिला रिकामा उन्हाळा होता, आणि तो कुठल्याही दिवशी संपणार होता.

तिला रशियन शिकायचं होतं. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या लिपीतली अक्षरं तिला आवडली होती, एवढंच. काका हैदराबादच्या गाडीवर असायचे. तिथल्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात म्हणून तिनं सांगून पाठवलं, तर काकांनी तीन पुस्तकं आणली. रशियन, जर्मन आणि फ्रेंच. "कोंची लागल ते ध्यानात ऱ्हायलं न्हाई, म्हणून तिन्ही उचलली," ते म्हणाले. रत्नानं एकही परत केलं नाही.

अभ्यासाची जागा म्हणजे पाण्याची रांग. त्या वर्षी पाऊस असा रुसला होता की टँकर एक दिवसाआड यायचा, तोही आला तर. बायका पहाटे घागरी रांगेत लावून सावलीला बसायच्या. रत्नाच्या चार घागरी. तिनं पहिली रशियनला दिली, दुसरी जर्मनला, तिसरी फ्रेंचला, आणि चौथी डोक्याला आराम म्हणून मोकळी सोडली. एक घागर भरून घरी नेईपर्यंत एकच भाषा बोलायची, असा नियम. आमच्या गल्लीतल्या कोंडाबाई तंबाखू मळत विचारायच्या, "काय गं, रशियाचं पाणी झालं का भरून?" जर्मनच्या पुस्तकातला एक धडा सगळा पावसाचा होता. आज पाऊस आहे, काल पाऊस होता, माझी छत्री कुठे आहे... रत्नानं त्याचा अर्थ सांगितला आणि रांग हसून हसून आडवी झाली. मग रोजचंच झालं. कोंडाबाई म्हणायच्या, "म्हण की बाई ते पावसाचं. कानाला तरी गार वाटतंय." रत्ना उभी राहून ठणठणीत आवाजात म्हणायची, "एस रेग्नेट." म्हणजे पाऊस पडतोय. मला त्या उन्हाळ्यात तिच्याइतकं सुखी माणूस निलंग्यात दुसरं दिसलं नाही. मीही फ्रेंच सुरू केलं होतं. चार दिवस टिकलं.

आणि एका दुपारी पोस्टमन आमच्या दुकानात आला. काका नव्या शर्टाचं माप द्यायला आले होते, म्हणून त्यानं पाकीट त्यांच्याच हातात दिलं. काकांनी ते माझ्यापुढे धरलं. मी वाचून दाखवलं. लातूर, कनिष्ठ लिपिक, तीस दिवसांत हजर व्हावे. अब्बांनी चहा मागवला. काकांनी कागदाची बारीक घडी घातली. मग म्हणाले, "नसीम, ह्या शर्टाला आतून एक खिसा शिवतीस का? कुणाला दिसला न्हाई पायजे."

अब्बा घाबरले. "नौकरी गई तो क्या करोगे, ड्रायव्हरसाब?"

"जात न्हाई. इतकी सालं टायमावर गाडी काढली, ही बी काढतो." मग माझ्याकडे बघून ते हळू म्हणाले, "पोरगी लई खूश हाय गं. नोकरी काय, जलमभर हायच."

रत्नाला सांगणार नाही असा मी काकांना शब्द दिला आणि खिसा शिवला. तेव्हापासून माझी झोप उडाली. रत्ना रांगेत फ्रेंचमध्ये भाज्यांची नावं घेत असायची आणि मी मनात दिवस मोजत असायची. बारा, पंधरा, एकवीस. काका विसरले तर? गाडी कुठं बंद पडली तर? नव्या जिल्ह्यात जागा रिकामी ठेवून कोण वाट बघणार होतं? सव्विसाव्या दिवशी मी काकांना स्टँडवर गाठलं, तर ते म्हणाले, "फ्रेंचचे दोन धडे ऱ्हायलेत म्हणती." अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांनी कागद तिच्या हातात ठेवला, आजच आला म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटी बदलून घेऊन स्वतःच्या गाडीतून तिला लातूरला नेलं. मी हात हलवत स्टँडवर उभी होते आणि कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेत होते.

पुढं तिची सगळी नोकरी लातुरातच झाली. लग्न केलं नाही, भाषा सोडल्या नाहीत. भूकंपानंतर जर्मनीचे डॉक्टर आले तेव्हा साहेबांनी तिला दुभाषी म्हणून पुढे केलं. पुस्तकाला आवाज नसतो, त्यामुळे पहिले दोन दिवस त्यांचं जर्मन तिला कळेना आणि तिचं त्यांना. तिसऱ्या दिवशी जखमी बाया तिचा पदर सोडत नव्हत्या. काका वारले, अब्बाही गेले. खिशाची गोष्ट मी रत्नाला कधी सांगितली नाही. आधी काकांना शब्द दिला म्हणून, नंतर इतकी वर्षं लपवलं याची लाज वाटून. भेटले की वाटायचं, आज सांगू... आणि राहून जायचं.

गेल्या महिन्यात रत्नाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लातूरला गेले. लोक पांगल्यावर मैत्रीनं कपाटातून एक वही काढली. त्या उन्हाळ्यातली, सगळी रशियन. शेजारची एक मुलगी तिथंच होती, रशियात डॉक्टरी शिकून आलेली. जाण्याआधी रत्नानंच तिला अक्षरं शिकवली होती. ती हसत वाचू लागली. "चुका फार आहेत आजी... 'आज बाबांचा शर्ट धुवायला घेतला. आतून एक खिसा आहे. खिशात कागद आहे. मी वाचला. बाबा बोलत नाहीत. मीही बोलणार नाही. आज धडा बारा.'"

"पुढं?" मी विचारलं.

"पुढची एक ओळ मराठीत आहे. तिला रशियन शब्द सापडले नसतील." तिनं वही माझ्याकडे वळवली. त्या सगळ्या परक्या अक्षरांच्या खाली रत्नाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: शिवण नसीमची आहे. तिलाही सांगायचं नाही.