निळ्या पडद्याचे चार दिवस

आपल्या घरात प्रत्येक वस्तूला एक जागा आहे आणि प्रत्येक वस्तू एकच आहे, हे तुम्हा दोघांना माहीत आहे. कात्री एक, टॉर्च एक, सेलोटेप एक. दोन कात्र्या असल्या की वेळेवर एकही सापडत नाही, असं माझं मत. याच मताने यंदाच्या दसऱ्याला माझी चांगली फजिती केली, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी ताईने फोनवर विचारलं होतं, "आजी, मी लहान असताना बर्डीचा ऑटो चालवायचे ना, ते रेकॉर्डिंग आहे का? मला पाठव." आहे म्हणजे काय! चार वर्षांची ताई आपल्या जिन्याच्या पायरीवर बसून ऑटो हाकते आहे, बर्डीच्या बाजाराच्या सवाऱ्या बोलावते आहे. त्यानंतर महिनाभरात तुम्ही सगळे तिकडे परदेशी गेलात. धाकटा तेव्हा कडेवर होता. ताईचं मराठी पुढे हळूहळू आटत गेलं. ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर तुमच्या फोल्डरमध्ये होतं. आधी फोनवरही होतं, पण एकच गोष्ट दोन ठिकाणी कशाला, म्हणून मी फोनवरचं पुसून टाकलं होतं. "दसरा होऊ दे, पाठवते," असं मी ताईला सांगितलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला आणि नेहमीचं चित्र येण्याऐवजी निळा पडदा आला. तारीख, वेळ, आकडे, कुठल्याशा सेटिंगची लांबलचक यादी. मी ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं आहे, पण त्या इंग्रजीत त्या यंत्राला माझ्याकडून काय हवं आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाहेर पडायचा पर्याय निवडला. यंत्र बंद झालं, पुन्हा सुरू झालं आणि पुन्हा तोच निळा पडदा. असं अकरा वेळा झालं.

"तुम्ही काही केलंत का?" मी आजोबांना विचारलं.

"मी त्या खोलीत गेलोसुद्धा नाही."

"की-बोर्डवर चिवडा खात बसता तुम्ही. त्याचंच काहीतरी असणार."

"चिवड्याने कॉम्प्युटर बंद पडत असते तर नागपुरातलं एकही ऑफिस चाललं नसतं."

संध्याकाळी धाकट्याला व्हिडिओ कॉल लावला. आठवतं ना रे? "आजी, फोन स्क्रीनकडे धर, तुझ्या कपाळाकडे नको," हे तू मला तीनदा सांगितलंस. मग वायर काढून लावायला सांगितलीस. काढली, लावली. निळा पडदा.

दुसऱ्या दिवशी, ज्या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात तो जुन्या चादरीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि ऑटोने बर्डीवर गेले. दुकानदार पन्नाशीचा, तोंडाने गोड. त्याने आपल्या वायरी जोडल्या, बटण दाबलं आणि कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा सुरू झाला.

"हे तर चालू आहे, काकू!"

"घरी चालत नाही."

"घरी लाड जास्त होऊन राहिले असतील," म्हणून तो हसला. मग आतली एक पट्टी काढून खोडरबराने घासली आणि परत बसवली. रेकॉर्डिंग तिथल्या तिथे पेनड्राइव्हवर घ्यायला हवं होतं. पण त्याच्या हसण्याचा मला इतका राग आला होता की मी डबा उचलला आणि तडक निघाले. घरी येऊन जोडला. निळा पडदा.

तिसऱ्या दिवशी तो स्वतः घरी आला. बराच वेळ खटपट केली, घाम पुसला आणि म्हणाला, "विंडोज उडली असन. घेऊन जातो, फॉरमॅट मारून देतो."

"आणि आत जे आहे ते?"

"पाहतो. पण गॅरंटी नाही, काकू. आता काय सांगू तुम्हाले, मशीन आहे."

"तुमच्या दुकानात कशी चालली?"

"तेच तर समजून नाही राहिलं ना! तुमच्या घरचा करंट बरोबर नसन."

"करंट बरोबर आहे," आजोबा पेपरामागून म्हणाले. "आमच्या घरी बरोबर काय आणि चूक काय ते बघायला माणूस नेमलेलं आहे."

मी दुकानदाराला सांगितलं की आज डबा देत नाही, उद्या बघू. तो नाराज होऊन गेला. मीही नाराजच होते. ताईचा फोन रात्री येऊन गेला, तो मी उचलला नाही. काय सांगणार होते? तुझा आवाज मीच पुसला आणि जो उरला तो फॉरमॅट होणार आहे?

चौथ्या दिवशी सकाळी वही घेऊन बसले. शाळेत आमच्या विज्ञानाच्या बाई सांगायच्या की एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं होतं तसं ठेवा. दुकानात डबा आमचा होता, बाकी सगळं त्याचं. म्हणजे दोष डब्यात नव्हताच. हे मला तीन दिवस सुचलं नाही आणि त्या पन्नाशीच्या माणसालाही नाही! माउस काढला: निळा पडदा. स्वयंपाकघरातल्या प्लगवर वायर ओढली: निळा पडदा. की-बोर्ड काढला, आणि समोर तुम्हा दोघांचा नेहमीचा फोटो आला.

की-बोर्ड वर्तमानपत्रावर उलटा करून ठोकला. आधी एक पोहा पडला, मग अर्धा शेंगदाणा.

"बघा!" मी म्हटलं.

पण डिलीटचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. सुरू होताना ते दाबलेलं असलं की कॉम्प्युटर सेटिंगचा तो निळा पडदाच उघडतो. त्याच्याखाली केसातली पिन घातली तेव्हा तांदळाचे दोन दाणे निघाले. लाल. अक्षता.

खंडेनवमीला आपण घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करतो. शिलाई मशीन, पक्कड, माझं पेन, आणि गेली काही वर्षं कॉम्प्युटर. पूजा मी करते. एरवी अक्षता डब्यावर वाहते. यंदा मला वाटलं, खरं काम तर की-बोर्ड करतो, तर मान त्याला द्यावा. ओल्या कुंकवाच्या अक्षता वाहिल्या, वर कव्हर घातलं आणि रिवाजाप्रमाणे दसरा होईपर्यंत हात लावला नाही. कुंकू वाळलं आणि बटण खालीच चिकटून बसलं.

आजोबांनी एक दाणा तळहातावर घेतला, चष्मा वर करून निरखला.

"हा चिवडा नव्हे बरं का," ते म्हणाले.

बटण पुसून नीट बसवलं आणि कॉम्प्युटर सुरू झाल्याबरोबर दुसरं काहीही न करता ते रेकॉर्डिंग लावलं. "बर्डी, बर्डी, बर्डी! चला लवकर, एकच सीट आहे!" ताई ओरडत होती. आणि तिच्यावर माझा आवाज: "अगं, पायरीच्या कडेला बसू नकोस. चप्पल कुठे आहे? आधी चप्पल घाल." पुढेही तेच. तिचं एक वाक्य, माझ्या दोन सूचना. शेवटी ताई वैतागून म्हणते, "आजी, गाडी चालू आहे, बोलू नको!"

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही. मिनिटभराचा तो आवाज, आणि त्यातला अर्धा मी खाल्ला होता.

आता ते रेकॉर्डिंग फोनवर आहे, दोन पेनड्राइव्हवर आहे आणि आज तुम्हा दोघांनाही पाठवलं आहे. ताई, माझं बोलणं त्यातून काढायचा मी दुपारभर प्रयत्न केला. जमलं नाही, दरवेळी तुझाही शब्द सोबत कापला जातो. तेव्हा ऐकताना माझ्याकडे लक्ष देऊ नकोस. तू तेव्हाही दिलं नव्हतंस.