हिरव्या अक्षरांची ग्रामसभा

आमच्या घरात नवा चष्मा आला तो कुणाचा नंबर वाढला म्हणून नव्हे, तर मी सरपंच झाले म्हणून.

कर्जत तालुक्यातलं आमचं गाव. सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं तेव्हा ह्यांनीच मला उभं केलं, ह्यांनीच प्रचार केला, गुलालही ह्यांनीच उधळला आणि निवडून आल्यावर खुर्चीत हेच जाऊन बसले. मी सह्या करायचे. मला त्याचं फार वाईट वाटायचं असंही नाही, कारण आजूबाजूच्या गावांत असंच चालतं. शिवाय पाणी, वीज, निधी हे सगळं ह्यांच्या डोक्यात आहे आणि माझ्या डोक्यात दूध, डबे आणि सोयाबीनची खुरपणी, अशी माझी पक्की समजूत. पण नवीन ग्रामसेवक बाई आल्या आणि त्यांनी पहिल्याच दिवशी ह्यांना गोड बोलून खुर्चीवरून उठवलं. ग्रामसभेत सरपंच बोलतील, सरपंचांचे मालक नाहीत, असंही सांगून टाकलं.

आणि सभेपुढे विषय होता पाण्याचा. गावठाणात नळाला सकाळी सहाला पाणी येतं आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीला अकराला. त्या वेळी वस्तीवरच्या बाया लोकांच्या रानात खुरपायला गेलेल्या असतात. रिकाम्या दारात नळ नुसते वाहत राहतात, आणि दिवसभर वाकून आलेल्या ह्या बाया संध्याकाळी लांबच्या विहिरीवरून हंडे आणतात. त्या जाब विचारायला येणार हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मी काय बोलणार हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

मग हे नगरला गेले आणि तो चष्मा घेऊन आले. दिसायला साधा, काळा, फक्त काड्या जरा जाड. मोबाईलवर आलेला मेसेज त्यात डोळ्यांसमोर दिसतो. पूर्वी असली वस्तू साहेब लोकांनाच परवडायची, आता बऱ्यापैकी मोबाईलच्या किमतीत मिळते, हे ह्यांनी दोनदा सांगितलं. बेत असा होता, की माझा मोबाईल पिशवीत राहील, हे मागच्या रांगेत बसून लिहितील आणि मी ते वाचून दाखवीन.

"कुनाला कळायचं सुदिक न्हाई," हे म्हणाले.

खरं तर मला राग यायला हवा होता. पण आधी आलं ते कुतूहल. चष्मा घालून मी भाकऱ्या करायला बसले आणि ह्यांनी बाहेरच्या ओट्यावरून पहिला मेसेज धाडला, 'आवाज येतोय का?' तव्यावरच्या भाकरीवर हिरवी अक्षरं तरंगायला लागली. मी हात पुढे धरला तर अक्षरं हातावर. डावा डोळा मिटला तर होती तशीच, उजवा मिटला तर गेली. दारात जाऊन म्हशीकडे पाहिलं तर तिच्या पाठीवर 'आवाज येतोय का?' मला इतकं हसू आलं की भाकरी करपली. थोरल्या जाऊबाईंना बोलावून म्हटलं, समोरून काय दिसतं सांगा. त्या माझ्या डोळ्यात डोळे घालून म्हणाल्या, "बारीक हिरवं चमकतंय गं, दुसरं काय न्हाई." मग त्यांनी स्वतः घातला, ह्यांचा मेसेज दिसला आणि त्यांनी चटकन डोक्यावरचा पदर सावरला. "आगं बया, हितं तर भाऊजी हायेत!"

मला एकच कोडं सुटेना. ही अक्षरं नेमकी असतात कुठे? काचेवर म्हणावं तर काचेला हात लावल्यावर बोटाला काही लागत नाही, आणि लांब म्हणावं तर भिंत आडवी आली तरी दिसतात. मी ह्यांना विचारलं.

"तुला काय करायचंय त्याचं? दिसलं की वाचायचं, बास."

तेव्हा मात्र राग आला.

सभा मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात भरली. वस्तीवरच्या बाया रानात जायचं सोडून आल्या होत्या आणि पुढेच बसल्या होत्या. स्वागत, मागच्या कामांचा आढावा, सगळं मी हातात कागद न घेता धडाधड बोलले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ग्रामसेवक बाई तर माझ्याकडे कौतुकानं पाहत होत्या, आणि तेच मला टोचत होतं.

मग वस्तीवरची एक बाई उठली. आमच्या रानात खुरपायला येते, फार बोलत नाही. "सरपंचबाई, आमी रानात गेल्यावर पानी सोडत्यात. सकाळी का सोडत न्हाई?"

अक्षरं आली. 'सकाळी लाईटचा प्रॉब्लेम असतो. वरती कळवले आहे.' मी वाचलं.

ती खाली बसली नाही. "लाईट नसती, तर मग गावठानात सहाला पानी कसं येतं?"

पुढचं वाक्य येईना. मी वाट पाहिली. काचेत काहीच नव्हतं, नुसता मांडव आणि माणसं. मी मागच्या रांगेकडे पाहिलं. हे मोबाईल हातात घेऊन बसले होते, अंगठा वर धरलेला आणि तो हलत नव्हता. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांना उत्तर सुचत नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होते. मला त्यांची दया आली. आणि लगेच एकदम हलकंही वाटलं, कारण उत्तर मला येत होतं. रोज सकाळी सहाला पाणी मीच तर भरते.

"कारण आमचं घर गावठाणात आहे," मी माईकवर म्हटलं.

मग वस्तीवरची एक म्हातारी मोठ्यानं हसली आणि तिच्यामागून सगळ्याच हसल्या. माझं तोंड आता थांबत नव्हतं. मी म्हटलं, "उद्यापासून टाकीचं पाणी आधी वस्तीला सोडायचं, सहाला. त्यांना रानात जायचं असतं. आपण त्यांच्यानंतर भरू."

गावठाणातली माणसं कुरकुरली. ज्याच्या घरात पाणी भरायला दुसरं कुणीतरी असतं, तो जरा जास्तच कुरकुरला. ग्रामसेवक बाईंनी हात वर करायला सांगितले. वस्तीचे हात तर वर गेलेच. आमच्या जाऊबाईंनी माझ्याकडे चांगलं रोखून पाहिलं, घरची सकाळ अवघड होणार हे त्यांना कळत होतं, आणि मग त्यांनीही हात वर केला. त्यांच्यामागे गावठाणातल्या बायांचे हातही एकेक करून वर गेले. ठराव झाला.

तेवढ्यात काचेवर अक्षरं उमटली. 'आपल्याकडे किती वाजता येणार?'

मी ते दोनदा वाचलं. ते काही मोठ्यानं वाचून दाखवायचं वाक्य नव्हतं. आजवर मी काय बोलायचं ते ह्यांनी मला सांगितलं होतं, आणि आज हे मला विचारत होते.

मी माईक जवळ ओढला आणि म्हटलं, "आठला."

पुढे बसलेल्या बाया मागे वळून पाहायला लागल्या, सरपंचबाईंना विचारलं तरी कुणी.