सुहासची टीम खाली गेली तो रविवार

मे महिन्यात इंग्लिश फुटबॉलच्या सीझनचा शेवटचा रविवार आला, की मला अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या माझ्या जुन्या घराच्या बेसमेंटचा ओलसर वास आठवतो. बारा वर्षांपूर्वी तिथे माझ्याशेजारी नागपूरचा सुहास बसला होता, गळ्यात टीमचा निळा मफलर घालून. हरली तर त्याची टीम खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होती.

शेवटच्या मिनिटाला समोरच्यांनी गोल केला. सुहासने मफलरमध्ये तोंड खुपसलं.

"गेली रे तुझी टीम खाली!" मी चिडवलं.

"जाऊ दे ना दादा, पुढच्या वर्षी वर येते बघ." डोळे पुसून तो हसला. "उद्या घराच्या खरेदीचं साइन करतोय. करू ना?"

मी त्याचा मॅनेजर होतो. मंगळवारी ज्यांना काढायचं होतं, त्या यादीत त्याचं नाव मीच घातलं होतं. कुणाला सांगू नका, अशी ताकीद होती. पण 'थोडं थांब' एवढं तरी म्हणता आलं असतं.

"पोहे खा आधी, गार झाले," मी म्हणालो.

सोमवारी त्याने सही केली. मंगळवारी नोकरी गेली, आणि तिच्याबरोबर व्हिसाही.

पुढच्या मे महिन्यात त्याची टीम खरंच वर आली. मी अभिनंदनाचा मेसेज टाइप केला. तो अजून पाठवलेला नाही.