पिक्चर ट्यूबला फोडलेला नारळ

आमच्या यांना बोट लागायची. नाटे गावात, मासेमारीवर जगणाऱ्या घरात जन्म घेऊन माणसाला बोट लागावी, म्हणजे देवानंच थट्टा केली म्हणायची. होडी बंदराबाहेर पडली की पोटातलं सगळं बाहेर. सासरे चारचौघांत म्हणायचे, "मला पोरगा झाला, पण घाटावरचा झाला." लोक हसायचे, हेही हसायचे, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे.

म्हणून तर हे मुंबईला गिरणीत गेले होते. गिरणी बंद पडली आणि ट्रंक घेऊन परत आले. हाताशी एकच विद्या होती. पाळी सुटल्यावर एका रिपेरवाल्याकडे बसून टीव्हीचं काम शिकले होते.

गावात तेव्हा मंडळाचा एकच टीव्ही होता, काळा-पांढरा. त्याचा आवाज यायचा, चित्र नाही. पिक्चर ट्यूब गेलेली, आणि नवी आणायची मंडळाची ऐपत नव्हती. हे म्हणाले, जुन्या सेटमधली काढून बसवतो. मंडळ म्हणालं, चालू करून दाखव, देवळाशेजारची खोली तुला दुकानाला देतो. सासऱ्यांनीही आपलं सांगून टाकलं, "नाय जमलं तर नारळी पुनवेनंतर मुकाट होडीवर यायचं."

हे मुंबईला जाऊन भंगारातला एक सेट घेऊन आले. एसटीत त्याला सीटवर बसवला आणि स्वतः उभे राहिले. त्याच्या आतलं बाकी सगळं जळालेलं, पण ट्यूब चांगली होती.

तो उघडला त्या दिवशी मी मदतीला होते. सेटला वीज नव्हतीच, तरी मला हात लावू देईनात. म्हणाले, "हा मेल्यासारखा दिसतो, पण ट्यूब पोटात वीज धरून बसलेली असते." ट्यूबच्या पाठीवरची अर्थिंगची उघडी तार खाऱ्या हवेनं हिरवी पडली होती, ती आधी खरवडून लख्ख केली. लांब स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक त्या तारेला लावलं. मग चुकून कुठे टेकू नये म्हणून डावा हात पाठीमागे घेतला आणि ट्यूबच्या अंगावरच्या रबरी टोपीखाली स्क्रूड्रायव्हर सरकवला. टचकन ठिणगी उडाली. चहा पिऊन होईतो थांबले आणि परत तेच केलं, कारण ट्यूब मागाहून पुन्हा थोडी वीज धरते म्हणे.

मग ट्यूबच्या निमुळत्या गळ्यावरची कॉईल उतरवली, कोपऱ्यांचे स्क्रू सोडवले. गळ्याला धरून उचलायची नाही, हे मला दहादा बजावलं. दोघांनी कडांखाली हात घालून ती पडवीत गोधडीवर पालथी ठेवली, गळा वर. आत हवा नसते, बारीक तडा गेला तरी खेळ खलास. गळ्यात काचेच्या आतून एक चंदेरी डाग होता. "हा चकचकीत आहे तोवर ट्यूब जिवंत," म्हणाले. लग्न झाल्यापासून या माणसाला मी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. पॉलिश पेपर घेऊन गळ्याच्या टोकाच्या पिना घासत बसले, आणि चक्क गुणगुणत होते.

आणि मला अवदसा आठवली. सासरे अंगणात जाळं शिवत होते. त्यांना जाऊन म्हटलं, "मामंजी, होडीला मशीन बसवताना तुम्ही नारळ फोडता. तुमच्या पोराच्या मशीनला फोडाल काय?" बापाचा हात एकदा या कामाला लागावा, एवढंच माझ्या मनात होतं.

ते उठले, नारळ सोलला, डोकीला टोपी घातली आणि पडवीत आले. जांभ्याचा एक सुटा चिरा ओढून ट्यूबच्या अगदी जवळ ठेवला. मशीनला नारळ फोडायचा तर समोर, त्याचं पाणी मशीनवर पडलं पाहिजे, ही त्यांची रीत. हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, माझ्या पोराच्या हाताला यश दे." 

हे एवढंच म्हणाले, "बाबा, जरा लांब..."

"देवाचं काम लांबून करतात काय रे?"

यांनी गळ्याला तळहाताचा आडोसा केला. मला वाटलं, नमस्कार करतायत. नारळ चिऱ्यावर आपटला, करवंटीची कपची उडाली, गळ्याशी किणकन आवाज आला. मग बारीक स्स्स, कितीतरी वेळ. होडीच्या मशीनच्या धडधडीनं सासऱ्यांना असले बारीक आवाज ऐकू येणं कधीच बंद झालेलं. त्यांनी पाणी शिंपडलं, काचेला कुंकू लावलं, पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि खोबरं वाटायला निघून गेले.

चंदेरी डाग आमच्या डोळ्यांदेखत चुन्यासारखा पांढरा पडला.

संध्याकाळी मंडळाची माणसं आली. हे त्यांना म्हणाले, "ट्यूब आणली तीच मेलेली होती. मला ओळखता आली नाही." मी तोंड उघडणार तोच यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली.

माणसं गेल्यावर मी खूप भांडले. खरं सांगा म्हटलं, तुमची चूक नाही, दुसरी ट्यूब शोधू. तर म्हणाले, "बाबांनी आयुष्यात एकदा माझ्यासाठी देवापुढे हात जोडले गो. त्यानंच सगळं गेलं, हे त्यांना सांगू?" मी रडले. नारळ फोडायला मीच सांगितलं होतं, हे मी कुणाला सांगणार?

पुनव झाली आणि हे होडीवर गेले. पहिल्या दिवशी परतले ते पांढरेफटक, धड उभं राहवेना. सासरे जेवायला बसले आणि मला म्हणाले, "बघितलंस ना? एवढं देवाला सांगितलं, तरी याच्या हातून काय होणार नाय. तुला तरी पटलं काय आता?"

समोर हे ताटात बोट फिरवत होते. मी म्हटलं, "होय, मामंजी. पटलं."

यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मी उपकार केल्यासारखं. ते पाहणं मला आजही सोसत नाही.