मारवेलीच्या पात्यावरची गाठ

डोणगावच्या सरकारी कुरणाचा रखवालदार कादर म्हणजे मिशा जमादाराच्या आणि काळीज चिमणीचं. गेल्या महिन्यात भर दुपारी त्याला डुलकी लागली आणि गावची अर्धी जनावरं कुरणात जेवून गेली. जंगलसाहेबानं एकच संधी दिली. हा गोरा फुलपाखरांचा नादी. गवत कापायला लागण्याआधी त्यानं मारवेल गवताचा एक ठोंब मडक्यात लावून कादरच्या हवाली केला. एका पात्याच्या कडा अळीनं रेशमानं शिवल्या होत्या, आत कोष होता. फुलपाखरू जिवंत निघालं तर नोकरी राहील, नाहीतर कुरणावर दुसरा माणूस.

कादरनं बायकोला, जमीलाला, यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं तर डुलकीही सांगावी लागली असती.

शुक्रवारी सकाळी तो फेरीवरून आला, तर पातं उघडं आणि कोष उन्हात.

"काऊन उसवलं वं हे?"

"दारात शिवलेलं पातं. कोन्तरी जादू करून ठेवली असंन म्हनलं," जमीला म्हणाली. "आत ना लिंबू, ना केस. हे काय हाय जी?"

"माही नोकरी हाय." कादर मटकन बसला आणि डुलकीसकट सगळं बोलून गेला. साहेब दुपारी येणार होता.

जमीलानं लग्नाच्या ओढणीतला रेशमाचा एक धागा ओढला. गोधड्या शिवणारा हात तो; वरचं तोंड मोकळं ठेवून पात्यावर टाके रांगेत बसले.

"वाकडे घाल. अळी काय तुह्यापाशी शिकून गेली?"

"मले वाकडे येत न्हाई."

साहेब आला. भिंग काढून वाकला. कादरच्या मिशांतून घाम गळू लागला. तेवढ्यात पातं हललं. नखाएवढं तपकिरी फुलपाखरू बाहेर आलं, पंख वाळवत बराच वेळ बसलं. साहेबानं जाळी टाकली. फुलपाखरू जाळीच्याच उसवलेल्या भोकातून सुटलं आणि गोफणीच्या दगडासारखं गवताकडे गेलं.

साहेब पुन्हा पात्यावर वाकला.

"कादर, ही अळी शेवटी गाठ मारते?"

कादर मिशा पुसत मागं सरला.

"मी मारली, साहेब," दाराआडून जमीला म्हणाली. "गाठ न मारता शिवलं तं तुमच्या जाळीवानी होते."

साहेबानं जाळीत बोट घातलं. ते पलीकडून बाहेर आलं. तो जाळी गुंडाळून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चपराशी ती जाळी घेऊन दारात. जमीला शिवायला बसली, तसा कादर तिच्या डोक्याशी उभा राहिला.

"आता सरळ घाल बरं."