मावशीचं नाव आयरीन

माझ्या मावशीचं नाव आयरीन. नाव ग्रीक, अर्थ शांती. ठेवणाऱ्यांनी आधी तिला दोन दिवस घरात वावरू दिलं असतं, तर दुसरं काहीतरी सुचलं असतं. इस्पितळाच्या कपडेखोलीत ती फाटक्या चादरी शिवते. मनात काही खुपत असलं की झालेली शिवण उसवून परत घालते. त्या आठवड्यात एकाच चादरीची कड तिनं तीनदा उसवली.

कारण तिचा मुलगा. त्याला मुलगी झाली होती आणि तिला तो आपल्या आईचंच नाव देणार होता. शुक्रवारी नोंदणी. मावशीनं हरखून जायचं, तर ही आमच्या डोक्याशी कटकट करत बसलेली.

"दुसरं कुठलंही ठेवा. नावांचा काय दुष्काळ पडलाय?"

सून शाळेत इतिहास शिकवते. सासूबाई उगाच आढेवेढे घेताहेत असं तिला वाटलं. लंगोटांच्या घड्या करता करता तिनं सगळं सांगितलं. ग्रीकांची शांतीची देवी याच नावाची, तिच्या पुतळ्यात हातावर मूल असतं, ते मूल म्हणजे समृद्धी.

"आणि एक सम्राज्ञीही होती हो या नावाची. गादीसाठी पोटच्या पोराचे डोळे काढवले तिनं. पण ते सोडा."

मावशी उठली. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. मग चपला घालून चालू पडली. मी तिला जिन्यात गाठलं, तेव्हा ती बोलली.

सोळा वर्षांपूर्वी मुलाला जहाजावरच्या नोकरीचं बोलावणं आलं होतं. काका नुकतेच गेलेले. एकुलता एक पोरही समुद्रावर जाणार या भीतीनं तिनं ते पत्र फाडून टाकलं. तो महिनाभर टपालवाल्याची वाट बघत दारात उभा राहायचा. आज तो लिफ्ट दुरुस्त करतो, आणि त्याला यातलं काहीच माहीत नाही.

"मी गादीसाठी नाही केलं," मावशी म्हणाली. "पण आंधळं तर मीच ठेवलं ना त्याला?"

मला रागच आला. आता सांगून कुणाचं भलं होणार होतं? गप्प बस, म्हटलं. पण ती ऐकते कुणाचं.

शुक्रवारी नोंदणी कार्यालयाच्या बाकावर, आमचा नंबर यायच्या आत, तिनं मुलाला सगळं एका दमात सांगितलं. "आता हवं ते नाव घाल," म्हणाली.

तो हातातल्या कोऱ्या अर्जाकडे बघत राहिला.

"बोलावलं कधी होतं?"

"जूनच्या तीन तारखेला."

तेवढ्यात खिडकीतून पुकारा झाला. त्यानं उभ्या उभ्या अर्ज भरला. कारकूनबाईंनी वाचून विचारलं, "आयरीन. बरोबर?"

"बरोबर."

परत येऊन तो आईसमोर उभा राहिला. "नाव तुझंच घातलंय. तुझ्याशी बोलायला मात्र मला वेळ लागेल."

"लागू दे," मावशी म्हणाली.

तो गेला. मी म्हटलं, चल, निघू या आपणही. तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"थांब. त्याला जिना उतरू दे."